पीएचडीची पाच वर्षं आणि पैशांचं वेळापत्रक: बायोमेडिकल संशोधनात उतरणाऱ्यांसाठी

मुंबईतल्या एका संस्थेत मी पीएचडीला लागले, तेव्हा पहिलं स्टायपेंड खात्यात जमा व्हायला सहा महिने लागले. परीक्षा पास झाले होते, ॲवॉर्ड लेटर हातात होतं, जॉइनिंगही वेळेवर झालं होतं. फक्त एक कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकला नव्हता, आणि तो कुठे अडकलाय हे आपणच जाऊन विचारायचं असतं, एवढंही मला ठाऊक नव्हतं. ते सहा महिने खोलीचं भाडं भावाने भरलं. ज्यांचा भाऊ असं भाडं भरू शकत नाही, त्यांतली काही हुशार मुलं पहिल्याच वर्षी संशोधन सोडून जाताना मी पाहिली आहेत. म्हणून हा लेख लिहिते आहे. विज्ञान शिकवायला गाईड असतात. पैसे आणि संधी कशा मिळवायच्या हे मात्र बहुतेकांना सीनियर्सच्या तोंडून, अर्धवटच कळतं.

आधी एक फरक समजून घ्या

पीएचडीचा प्रवेश ही एक गोष्ट, फेलोशिप, म्हणजे संशोधन करताना दरमहा मिळणारे पैसे, ही दुसरी. काही ठिकाणी दोन्ही एकत्र मिळतात. टीआयएफआर, बेंगळुरूचं एनसीबीएस किंवा खारघरचं ॲक्ट्रेक यांसारख्या संस्थांमध्ये निवड झाली की स्टायपेंडची सोय संस्थाच करते. राज्य विद्यापीठात मात्र पेट (पीएचडीची प्रवेश परीक्षा) देऊन प्रवेश मिळाला, तरी महिन्याला एक रुपयाही मिळेलच असं नाही. केंद्रीय विद्यापीठांत नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा न काढलेल्या पीएचडीच्या विद्यार्थ्यांना यूजीसीकडून, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाकडून, महिन्याला ८,००० रुपये मिळतात. आपल्या राज्य विद्यापीठांतल्या मुलांना तेही नाहीत. त्यामुळे पेटचा फॉर्म भरतानाच फेलोशिपच्या परीक्षेचाही फॉर्म भरा. एक झालं की दुसरं बघू, असं करू नका.

सगळ्यात मोठी परीक्षा म्हणजे सीएसआयआर-यूजीसी नेट, विषय लाइफ सायन्सेस. ती वर्षातून दोनदा होते. तीन तास, २०० गुण. अ भाग सामान्य क्षमतेचा, ३० गुणांचा. ब भाग ७० गुणांचा. आणि निकाल ठरवणारा क भाग १०० गुणांचा. क भागात ७५ प्रश्न असतात, त्यांतले २५ सोडवायचे, प्रत्येकाला ४ गुण. उत्तर चुकलं तर पाव हिश्शाने गुण जातात. या रचनेतच अभ्यासाची दिशा आहे. अभ्यासक्रमात १३ घटक आहेत आणि बायोमेडिकलवाला विद्यार्थी परिस्थितिकी, उत्क्रांती, वनस्पतिशास्त्र हे सगळं पहिल्यापासून वाचत बसतो. त्याऐवजी पेशीजीवशास्त्र, रेण्वीय जीवशास्त्र, इम्युनॉलॉजी, शरीरक्रियाशास्त्र आणि तंत्रं यांवर इतकी पकड बसवा की क भागातले प्रश्न आलेख पाहून सुटतील. क भाग पाठांतरावर निघत नाही. शोधनिबंधातल्या आकृत्या वाचायची सवय हवी. आठवड्याला एक पेपर घ्या, त्यातला मजकूर झाका, आणि फक्त आकृत्यांवरून निष्कर्ष काढायचा सराव करा. अ भागाकडे दुर्लक्ष करू नका; ते ३० गुण सगळ्यांत कमी कष्टात मिळतात.

जून २०२४पासून निकाल तीन पातळ्यांवर लागतो: जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप), सहायक प्राध्यापक पदासाठी पात्र, आणि फक्त पीएचडी प्रवेशासाठी पात्र. तिसऱ्या पातळीवर प्रवेशाला मदत होते, पैसे मिळत नाहीत. निकालपत्र नीट वाचा. ‘नेट निघाली’ म्हणून घरी पेढे वाटले आणि नंतर स्टायपेंड नाही हे कळलं, असं झालेलं आहे.

डीबीटीची, म्हणजे केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची, बेट ही परीक्षा बायोटेकवाल्यांसाठी. तिच्यात दोन वर्ग असतात. पहिल्या वर्गात नाव आलं, तर फेलोशिप घेऊन आपल्या पसंतीच्या मान्यताप्राप्त संस्थेत जाता येतं. दुसऱ्या वर्गातल्यांना डीबीटीचा पैसा असलेल्या प्रकल्पातच काम करावं लागतं. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) जेआरएफ थेट आरोग्य संशोधनासाठी आहे. आणि गेट: लाइफ सायन्सेस, बायोटेक किंवा बायोमेडिकल इंजिनिअरिंगचा पेपर द्या, गुण तीन वर्षं चालतात. आयआयटी मुंबईच्या बायोसायन्सेस आणि बायोइंजिनिअरिंग विभागासाठी तो उपयोगी आहे.

किती मिळतात

१ जानेवारी २०२३पासून जेआरएफला महिन्याला ३७,००० आणि तिच्या पुढच्या टप्प्याला, एसआरएफला (सीनियर रिसर्च फेलोशिप), ४२,००० रुपये आहेत. त्याआधी ते ३१,००० आणि ३५,००० होते. शिवाय घरभाडे भत्ता, पण संस्थेचं वसतिगृह मिळालं तर तो नाही. हा भत्ता शहराच्या वर्गावर ठरतो. मुंबई आणि पुणे दोन्ही सर्वांत वरच्या वर्गात आहेत. यूजीसीच्या फेलोशिपमध्ये विज्ञान शाखेला कंटिंजन्सी पहिली दोन वर्षं १२,००० आणि पुढे २५,००० रुपये वर्षाला. ही रक्कम पुस्तकं, छपाई, रसायनं, परिषदेची नोंदणी यांसाठी असते आणि वर्षाअखेर न वापरलेली बहुधा परत जाते. दर जानेवारीत हिशोब बघा.

पंतप्रधान संशोधन फेलोशिप यापेक्षा बरीच मोठी आहे: पहिली दोन वर्षं ७०,०००, तिसऱ्या वर्षी ७५,०००, चौथ्या-पाचव्या वर्षी ८०,०००, आणि वर्षाला दोन लाखांचं संशोधन अनुदान. ती आयआयटी, आयआयएस्सी, आयसर अशा निवडक संस्थांपुरती आहे. पीएचडी सुरू झाल्यावरही अर्ज करता येतो, हे अनेकांना माहीत नसतं.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांसाठी

नेटची जेआरएफ हुकली म्हणजे सगळं संपलं, असं नाही. अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागासवर्ग, विमुक्त-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गासाठी नागपूरची महाज्योती, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी टीआरटीआय: या संस्था पीएचडीसाठी फेलोशिप देतात, आणि ती यूजीसीच्या धर्तीवर असते. केंद्राच्या पातळीवर अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींसाठीच्या राष्ट्रीय फेलोशिप वेगळ्या. घरात एकच अपत्य आणि ती मुलगी, तर यूजीसीची सावित्रीबाई जोतिराव फुले फेलोशिप पाहा. तिची वयोमर्यादा नेहमीच्या जेआरएफपेक्षा बरीच सैल आहे, खुल्या प्रवर्गाला ४० वर्षं. संसार, नोकरी सांभाळून संशोधनात परतणाऱ्या २७ ते ४५ वयाच्या स्त्रियांसाठी केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची वाइज-पीएचडी फेलोशिप आहे.

या सगळ्यांत एक अट सामायिक असते: एका वेळी एकच फेलोशिप. आणि दुसरी, जी जाहिरातीत बारीक अक्षरात असते: पीएचडीची नोंदणी अमुक तारखेच्या आधी किंवा नंतर झालेली असावी. नोंदणीची तारीख म्हणजे प्रवेशाची, फी भरल्याची की संशोधन समितीने विषय मंजूर केल्याची? विद्यापीठागणिक अर्थ बदलतो. विद्यापीठाकडून तारखेचं पत्र आधीच घेऊन ठेवा. जातवैधता, नॉन-क्रिमीलेअर, अधिवास हे दाखलेही जाहिरात निघण्याआधी तयार हवेत, कारण अर्जाची मुदत तीन आठवडे आणि दाखल्याला लागणारा वेळ तीन महिने असतो.

लॅब निवडताना विचारायचे चार प्रश्न

आपल्याकडे गाईडना पैशांबद्दल विचारणं उद्धटपणाचं वाटतं. तसं ते नाही. चांगले गाईड या प्रश्नांनी खूश होतात.

सर, मला जेआरएफ तुमच्या प्रकल्पातून मिळणार आहे की माझ्या स्वतःच्या नावावर? प्रकल्पातून असेल, तर प्रकल्प कधी संपतो? बहुतेक प्रकल्प तीन वर्षांचे, पीएचडी पाच वर्षांची. उरलेल्या दोन वर्षांचं काय, याचं उत्तर पहिल्याच भेटीत हवं. तिसरा प्रश्न: आधीचे विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडले? चौथा: परिषदेला जायला लॅबमधून पाठवता का?

दुसऱ्या प्रश्नावर गाईडनी विषय बदलला, तर त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना भेटा आणि मगच हो म्हणा.

जॉइनिंगचा पहिला आठवडा

माझे सहा महिने जिथे गेले, ती ही पायरी. म्हणून जरा थांबून सांगते. फेलोशिपचा पैसा आपोआप सुरू होत नाही. तुमचा जॉइनिंग रिपोर्ट गाईड, विभागप्रमुख आणि कुलसचिव किंवा संचालक यांच्या सहीने पुढे जायला हवा. यूजीसीच्या पद्धतीत विद्यापीठातली एक व्यक्ती ऑनलाइन नोंद करते, तिला मेकर म्हणतात. दुसरी ती तपासून मंजूर करते, ती चेकर. पुढेही महिन्याच्या महिन्याला तुमची हजेरी याच मार्गाने पक्की होते. या दोन माणसांची नावं आणि टेबलं पहिल्या आठवड्यात शोधा, स्वतः जाऊन ओळख करून घ्या. ते लोक त्रास द्यायला बसलेले नसतात. एकेका टेबलावर शेकडो फायली असतात आणि विचारणाऱ्याची फाईल वर येते.

ॲवॉर्ड लेटर, निकाल, जॉइनिंग रिपोर्ट, आधार जोडलेल्या बँक खात्याचा पुरावा, दाखले, बोनाफाईड, प्रत्येक पावती: सगळं स्कॅन करून एका फोल्डरमध्ये, तारखेने नाव देऊन ठेवा. आणि शक्य असेल तर चार महिन्यांचा खर्च हाताशी ठेवूनच पीएचडी सुरू करा. तेवढे पैसे नसतील तर लाजू नका, गाईडना सांगा. प्रकल्पातून तात्पुरती सोय करणारे, वसतिगृहाची फी पुढे ढकलून घेणारे गाईड मी पाहिलेत, पण त्यांना आधी कळायला तर हवं.

वेळ हाही पैसाच आहे

फेलोशिप पाच वर्षांची. यूजीसीच्या २०२२च्या नियमांनुसार पीएचडी कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षांची. म्हणजे सहावं वर्ष नियमात बसतं, पण पैशांत बसत नाही. हे गणित पहिल्या दिवसापासून डोक्यात ठेवा.

बायोमेडिकलमध्ये वेळ जातो तो परवानग्यांत. रुग्णांचे नमुने घ्यायचे असतील तर संस्थेच्या एथिक्स कमिटीची मंजुरी, प्राण्यांवर प्रयोग असतील तर प्राणी नैतिकता समितीची, जनुकबदल केलेले जंतू वापरायचे असतील तर जैवसुरक्षा समितीची. क्लिनिकल ट्रायल असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआय या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदणी. परदेशी लॅबला नमुने पाठवायचे असतील तर आयसीएमआरमार्फत चालणाऱ्या आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी. या समित्या रोज बसत नाहीत. दोन-तीन महिन्यांनी एकदा भरतात, आणि एका त्रुटीवरून अर्ज परत आला की पुढची बैठक. कोर्सवर्क चालू असतानाच, पहिल्या सहा महिन्यांत, हे अर्ज टाका. प्रयोगाची दिशा पूर्ण ठरली नसली तरी चालतं. नंतर दुरुस्ती मंजूर करून घेता येते.

याच काळात चेन्नईच्या आयसीएमआर-एनआयई या साथरोगशास्त्र संस्थेचे ऑनलाइन अभ्यासक्रम करा. आरोग्य संशोधनाची मूलतत्त्वं, अभ्यासाची रचना, नमुनासंख्या कशी काढायची, हे तिथे फार नेटकं शिकवतात. वैद्यकीय पदव्युत्तर विद्यार्थ्यांना त्यातला एक अभ्यासक्रम सक्तीचाच आहे. आयआयटींच्या एनपीटीएल या ऑनलाइन मंचावर संख्याशास्त्र आणि पायथन किंवा आर ही संगणकभाषा मोफत शिकता येते. फक्त परीक्षेची फी. संख्याशास्त्र तिसऱ्या वर्षापर्यंत टाळणारे विद्यार्थी पुढे सगळा डेटा दुसऱ्याच्या हातात देतात आणि व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, अडकतात.

दोन वर्षांनी: एसआरएफ

दोन वर्षं झाली की एका समितीपुढे सादरीकरण करून जेआरएफचं एसआरएफ होतं. समितीत बाहेरचा तज्ज्ञ असतो. त्याची तारीख मिळवणं, प्रगती अहवाल तयार करणं, सह्या गोळा करणं यात दोन महिने सहज जातात, म्हणून बाविसाव्या महिन्यात सुरुवात करा. शोधनिबंध छापलेला नसला तरी घाबरू नका. काय जमलं नाही आणि त्यावरून पुढे काय ठरवलं, हे प्रामाणिकपणे मांडणाऱ्या विद्यार्थ्यावर समित्या विश्वास ठेवतात.

अर्ज लिहिण्याची कला

पुढच्या सगळ्या संधींचं मूळ इथे आहे, आणि आपली मुलं मागे पडतात तीही इथेच. कामात कमी नसतात, मांडण्यात असतात.

अर्जात असं वाक्य नेहमी दिसतं: ‘मला औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावर संशोधन करायचं आहे, कारण भारतात क्षयरोग ही गंभीर समस्या आहे.’ हे खरं आहे, पण यातून तुम्ही काय करणार ते कळत नाही. आता हे बघा: ‘रिफॅम्पिसिनला दाद न देणाऱ्या क्षयजंतूंमध्ये आरपीओबी जनुकात बदल झालेला असतो आणि त्या बदलाची किंमत म्हणून जंतूची वाढ मंदावते. आरपीओसी जनुकातले कोणते बदल ही मंदावलेली वाढ भरून काढतात, हे मी रुग्णांकडून मिळालेल्या जंतूंची वाढ मोजून आणि त्यांचे जनुकक्रम वाचून तपासणार आहे.’ प्रश्न एक, कारण एक, पद्धत ठरलेली. परीक्षकाला दोन वाक्यांत कळतं की हा माणूस प्रयोगशाळेत रोज हे काम करतो.

मसुदा असा तयार करा. पहिल्या परिच्छेदात काय माहीत आहे, दुसऱ्यात काय माहीत नाही, तिसऱ्यात तुम्ही ते कसं शोधणार, चौथ्यात प्रयोग फसला तर काय. हा चौथा परिच्छेद बहुतेक अर्जांत नसतो. तो लिहा. मग मसुदा तुमच्या क्षेत्राबाहेरच्या मित्राला वाचायला द्या, आणि जिथे तो अडखळेल तिथे वाक्य मोडून पुन्हा लिहा. मराठी माध्यमातून आलेल्यांना एक सांगते, मीही त्यांतलीच: आधी मराठीत विचार लिहून काढा. मुद्दा मराठीत सरळ झाला की इंग्रजीत तो सरळच उतरतो. इंग्रजीत अडखळत सुरुवात केली, की वाक्यं सजतात आणि मुद्दा हरवतो.

शिफारसपत्रासाठी गाईडना तीन आठवडे आधी सांगा. सोबत जाहिरात, तुमचा मसुदा, आणि तुम्ही केलेल्या कामाचे पाच मुद्दे द्या. आदल्या रात्री मागितलेलं पत्र आदल्या रात्रीसारखंच उतरतं.

बाहेर पडा

परदेशी परिषदेसाठी एएनआरएफ (केंद्राचं संशोधन प्रतिष्ठान), डीबीटी, आयसीएमआर, सीएसआयआर प्रवासमदत देतात. सारांश स्वीकारल्याचं पत्र लागतं आणि अर्ज प्रवासाच्या काही महिने आधी करावा लागतो. अशी मदत पुन्हा मिळायला बहुधा काही वर्षं थांबावं लागतं, म्हणून दुसऱ्या वर्षी कच्च्या डेटावर ती खर्च करू नका. चौथ्या वर्षी, पोस्टडॉकसाठी (पीएचडीनंतरच्या संशोधनासाठी) लॅब शोधताना, वापरा.

मला परिषदेपेक्षा दुसऱ्या लॅबमध्ये दोन-तीन महिने राहून तंत्र शिकणं जास्त मोलाचं वाटतं. भारत २०१६पासून एम्बो या युरोपीय रेण्वीय जीवशास्त्र संघटनेच्या परिषदेचा सहयोगी सदस्य आहे, त्यामुळे इथल्या विद्यार्थ्यांना एम्बोच्या वैज्ञानिक देवाणघेवाण अनुदानासाठी अर्ज करता येतो. मुक्काम तीन महिन्यांपर्यंत. ब्रिटनमधली द कंपनी ऑफ बायोलॉजिस्ट्स ही संस्था अशाच भेटींसाठी ३,००० पौंडांपर्यंत देते. फ्रान्ससाठी रामन-शार्पाक फेलोशिप, दोन ते सहा महिने. अमेरिकेसाठी फुलब्राइट-नेहरू डॉक्टरल, सहा ते नऊ महिने. त्यासाठी भारतात पीएचडीची नोंदणी झालेली हवी आणि तयारी जवळजवळ दीड वर्ष आधी सुरू करावी लागते. यजमान शास्त्रज्ञाला पहिलं पत्र लिहाल तेव्हा ‘संधी द्या’ असं म्हणू नका. त्यांच्या अमुक पेपरातलं अमुक तंत्र मला माझ्या अमुक प्रश्नासाठी शिकायचंय, खर्च मी अमुक अनुदानातून आणणार आहे, एवढं आठ ओळींत लिहा. पैसे घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्याला उत्तर मिळतं.

परदेशीच जायला हवं असंही नाही. पुण्यात पाषाण रस्त्याने एक फेरी मारली तरी एनसीएल आणि आयसर लागतात, आणि एनसीसीएस, एनआयव्ही, आघारकर या संशोधन संस्था त्याच शहरात आहेत. मुंबईत परळला आणि नवी मुंबईत खारघरला अशाच संस्था आहेत. दुसऱ्या लॅबच्या सेमिनारला जायला कुणाची परवानगी लागत नाही.

प्राध्यापकी हा एकच रस्ता नाही

पीएचडी करणाऱ्या सगळ्यांना प्राध्यापकाची जागा मिळणार नाही, हे पहिल्या वर्षीच मान्य केलं तर पुढची वर्षं वाया जात नाहीत. लिखाण आवडत असेल तर विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या अवसरसारख्या स्पर्धा शोधा: आपल्या संशोधनाची सामान्य वाचकासाठी कथा लिहायची. अवसरमध्ये पीएचडीच्या १०० निवडक लेखांना प्रत्येकी १०,००० रुपये दिले गेले आहेत. मराठी विज्ञान परिषदेच्या मासिकातही लिहा. स्वतःचं काम मायबोलीत समजावता आलं की मुलाखतीत जीभ अडखळत नाही. कंपनी काढायची ओढ असेल तर एनसीएलच्या आवारातलं व्हेंचर सेंटर हे नवउद्योगांना आधार देणारं केंद्र गाठा. बायरॅक या बायोटेक उद्योगांना मदत करणाऱ्या सरकारी संस्थेच्या बिग योजनेत चांगल्या कल्पनेला ५० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. पेटंट एजंट, मेडिकल रायटिंग, क्लिनिकल रिसर्च, आरोग्य धोरण, प्रयोगशाळा व्यवस्थापन: या प्रत्येक क्षेत्रातल्या एका माणसाशी चौथ्या वर्षी अर्धा तास बोला. इंडियाबायोसायन्स या संस्थेच्या संकेतस्थळावर नोकऱ्या, कार्यशाळा आणि अनुदानांच्या जाहिराती नियमित येतात. सोमवारची पहिली दहा मिनिटं तिथे द्या.

सहावं वर्ष

आता त्या न बसणाऱ्या वर्षाकडे. साडेचार वर्षं झाली की गाईडसोबत बसून उरलेल्या प्रयोगांची यादी करा आणि प्रबंधाला न लागणारे प्रयोग पुढच्या विद्यार्थ्याकडे सोपवा. हे अवघड जातं, मन त्यांत गुंतलेलं असतं. तरी करा. सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा सारांश, जमा करण्याची तारीख फेलोशिप संपण्याच्या आधीची ठरवा. ते शक्य नसेल, तर गाईडच्या नव्या प्रकल्पात जागा धरता येईल का, हे सहा महिने आधी विचारा, कारण प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात ती जागा आधी मागावी लागते. मातृत्वासाठी आणि बालसंगोपनासाठी नियमांत २४० दिवसांपर्यंत रजा आहे, आणि स्त्रियांना कमाल मुदतीत दोन वर्षांची सवलतही. ती घेतली असेल तर फेलोशिपच्या तारखाही त्यानुसार पुढे सरकवून मिळतात का, याचं लेखी उत्तर घ्या, तोंडी नको.

पीएचडी झाल्यावर रिसर्च असोसिएटला ५८,०००पासून ६७,०००पर्यंत मिळतात. डीबीटी आणि ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टच्या इंडिया अलायन्स या संस्थेच्या अर्ली करिअर फेलोशिपचा विचार पीएचडीच्या शेवटच्या वर्षातच सुरू करता येतो. आणि लॅब सोडायच्या दिवशी नो-ड्यूज (काही देणं बाकी नसल्याचा दाखला) घेताना कंटिंजन्सीचा शेवटचा हप्ता, थकलेला घरभाडे भत्ता आणि जेआरएफचं एसआरएफ झाल्यावरच्या फरकाची रक्कम जमा झाली का, हे पासबुक उघडून तपासा. माझा फरक निघाला होता अकरा महिन्यांचा, आणि मी विचारलं म्हणून मिळाला.